मधली पाने

दलित कवितेवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. आत्मकथनांवर तर इतके लिहिले गेले, की मूळ पुस्तके न वाचताच त्यांच्यावर तासभर बोलता येईल अशी सोय झाली आहे. परंतु आपली मुले-मुली महाविद्यालयांत, चर्चासत्रांत, निबंधस्पर्धांत आणि प्रबंधांत जे वैचारिक गद्य लिहितात, त्याच्याकडे समीक्षेचा विषय म्हणून पाहावे असे आपल्याला वाटलेले नाही. ते गुण देण्यापुरते वाचायचे आणि गठ्ठा बांधून कपाटात टाकायचा, असा रिवाज आहे. मी तालुक्याच्या गावी मराठी शिकविण्यात आयुष्याची बरीच वर्षे घालविली. असे गठ्ठे मीही बांधले आहेत. या लिखाणातील दोषांविषयी मी पुढे जे म्हणणार आहे, त्यातला काही दोष माझ्याही पदरी येतो, हे आधीच सांगून टाकतो.

या निबंधांचे पहिले पान मला बहुधा आवडते. शेवटचेही आवडते. पहिल्या पानावर बुद्ध, कबीर, फुले, आंबेडकर येतात. शेवटच्या पानावर नवा माणूस आणि समतेचा लढा येतो. प्रश्न आहे तो मधल्या पानांचा. जे काही सिद्ध करायचे ते तेथे सिद्ध व्हायचे असते. नमुन्यादाखल एक परिच्छेद मी स्वतःच बनवून येथे देतो. तो कोणा एकाचा नाही, आणि म्हणूनच तो पुष्कळांचा आहे. “दलित आत्मकथने ही वेदनेची महाकाव्ये आहेत. त्यांनी मराठी साहित्याची कोंडी फोडली. त्यांनी प्रस्थापितांना हादरे दिले. त्यांतून हजारो वर्षे मूक असलेल्या समाजाचा हुंकार प्रकट झाला.” या चार वाक्यांतले एकही मला खोटे वाटत नाही. पण चौथे वाक्य पहिल्याच्या जागी ठेवा, दुसरे तिसऱ्याच्या जागी ठेवा. काही बिघडते का? बिघडत नाही. ज्या परिच्छेदातली वाक्ये मागेपुढे केली तरी काही बिघडत नाही, त्यात विचार चाललेला नसतो. वाक्ये नुसती रांगेत उभी असतात.

असे का होते? आपल्या मुलांना विचार करता येत नाही म्हणून होते, असे म्हणणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत. त्यांना उत्तर देण्यात शाई घालविणार नाही. मला कारण दुसरे दिसते. आपल्या भाषेची पहिली शाळा म्हणजे सभा आणि जलसा. वस्तीतल्या चौकात, जयंतीच्या मंडपात, मोर्च्यापुढे आपण मराठी गद्य ऐकले आणि तेथेच बोलायला शिकलो. सभेत वक्ता एक विधान करतो, टाळी पडते, आणि टाळी पडली म्हणजे ते विधान सिद्ध झाले असे धरून तो पुढच्या विधानाकडे जातो. त्यात गैर काही नाही. ऐकणाऱ्याच्या अंगावर जे वळ आहेत तोच तेथे पुरावा असतो, वक्त्याने तो पुन्हा मांडण्याचे कारण नसते. कागदावर मात्र टाळी पडत नाही. कागदापलीकडे बसलेला वाचक कोण आहे हे आपल्याला ठाऊक नसते, आणि तो प्रत्येक वाक्यानंतर एकच शब्द म्हणत असतो: कशावरून? सभेचे गद्य जसेच्या तसे निबंधात आणले की या प्रश्नाला उत्तर म्हणून आपण आवाज चढवितो.

दुसरे कारण शाळेतले आहे, आणि ते सर्वच जातींच्या मुलांना लागू आहे. प्रस्तावना, मुद्दे, समारोप. मुद्दे फळ्यावर लिहून दिलेले, प्रत्येक मुद्द्यावर आठ ओळी. पुढे महाविद्यालयात फळ्याची जागा बाजारातली गाइडे घेतात. फरक इतकाच, की ज्या घरात दोन पिढ्यांची पुस्तके आहेत त्या मुलाला गाइडापलीकडचे काही कधी तरी कानावर पडते. आपल्या मुलाला गाइड हेच ग्रंथालय.

विद्यार्थी असताना माझा एक निबंध परत आला होता. समासात लाल शाईने लिहिले होते: भावना उत्कट, मांडणी सैल. मी संतापलो. हा जातीचा शेरा आहे असे मी मित्रांना सांगत फिरलो, आणि तो तसा असेलही. पुढे पुष्कळ वर्षांनी तो निबंध ट्रंकेत सापडला. वाचून पाहिला. मांडणी सैल होती. शेरा देणाऱ्याच्या मनात जे असेल ते असो, निबंध सैल होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे समजायला मला इतका काळ लागला.

हा प्रश्न मी केवळ गुणांचा किंवा शैलीचा समजत नाही. मराठी वाङ्मयाच्या व्यवहारात एक नवी वाटणी होऊन बसली आहे: अनुभव दलितांनी द्यायचा आणि त्याचे विश्लेषण इतरांनी करायचे. आपण कच्चा माल पुरवायचा, सिद्धान्ताचा कारखाना दुसरीकडे. आपल्या लिखाणाला ‘आक्रोश’, ‘हुंकार’, ‘उद्रेक’ असे शब्द मोठ्या उदारपणे बहाल केले जातात. आक्रोशाला परिच्छेद लागत नाहीत, हे त्यातले मर्म आहे. दुःख म्हणजे आपल्या तोंडून ऐकायचे, त्याची कारणे मात्र त्यांच्या लेखणीतून वाचायची. आणि आपणच मधली पाने हुंकाराने भरून या वाटणीला मान्यता देत असू, तर प्रस्थापितांना दोष देऊन काय होणार?

आता ज्याच्या नावाने आपण पहिले पान सुरू करतो, त्या माणसाने मधली पाने कशी लिहिली ते पाहू. 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. जातींची यंत्रणा, उगम आणि विकास हा त्याचा विषय. तेव्हा त्यांचे वय 25 वर्षे. पुढच्या वर्षी, 1917 मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापला गेला; आणि 1979 मध्ये महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला, त्यात तो सहज मिळण्याजोगा झाला. ही एका विद्यार्थ्याची चर्चासत्रातली निबंधिका आहे, हे लक्षात ठेवून ती वाचावी. आपला विद्यार्थी जे लिहितो त्याच जातीचे हे लिखाण आहे. येथे जात हा शब्द मी चांगल्या अर्थाने वापरतो आहे.

या निबंधात ते जातीच्या चार व्याख्या घेतात: सेनार या फ्रेंच पंडिताची, नेसफिल्डची, रिझ्लेची आणि आपल्या ज्ञानकोशकार केतकरांची. आपल्या मुलांचे निबंधही व्याख्यांनी भरलेले असतात, पण त्यांत व्याख्या ओळीने येतात आणि निघून जातात, जणू लग्नातले पाहुणे. बाबासाहेब प्रत्येकीला थांबवून प्रश्न विचारतात. सेनार विटाळाला महत्त्व देतो. पण विटाळ ही कल्पना मुळात पुरोहिताच्या आचारातून येते, मग ती जातीचे मूळ लक्षण कशी? नेसफिल्ड रोटीबंदीवर बोट ठेवतो. पण एक गट स्वतःला कोंडून घेतो म्हणून रोटीबंदी येते, रोटीबंदी आली म्हणून गट कोंडला जात नाही. येथे परिणामालाच कारण समजले गेले आहे. रिझ्लेपाशी ते रेंगाळत नाहीत, कारण त्याने नवे काही सांगितलेले नाही. केतकरांपाशी मात्र थांबतात. केतकर दोन लक्षणे सांगतात: बेटीबंदी, आणि जन्मानेच मिळणारे सदस्यत्व. बाबासाहेब म्हणतात, ही दोन नव्हेत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत; बाहेर लग्न करायचे नाही असे ठरले, की आत जन्मलेलाच आतला राहणार. अशा रीतीने चार व्याख्यांच्या चाळणीतून एकच गोष्ट हाती उरते, ती म्हणजे जातीअंतर्गत विवाह. ही वाक्ये मागेपुढे करून पाहा. करता येत नाहीत. केतकरांना आधी आणून सेनारला शेवटी ठेवले तर निष्कर्षच हातचा जातो.

पण या निबंधातला जो भाग मी वर्गात पुन्हा पुन्हा वाचून दाखवीत असे, तो त्यापुढचा आहे. एखाद्या गटाला स्वतःभोवती कुंपण घालायचे असेल तर त्याला स्त्री-पुरुषांची संख्या बरोबरीत राखावी लागेल. नवरा मेला तर एक बाई जास्तीची उरते. बायको मेली तर एक पुरुष. ही जास्तीची बाई गटाबाहेर लग्न करील तर कुंपण मोडेल, गटातच करील तर दुसऱ्या मुलीचा नवरा पळवील. मग तिचे काय करायचे? तिला नवऱ्याबरोबर जाळायचे, नाही तर जन्माचे वैधव्य लादायचे. येथवर आपल्यापैकी कोणीही आला असता, आणि सतीच्या चितेवर परिच्छेद संपविला असता. टाळीही पडली असती. बाबासाहेब पुढचा अडचणीचा प्रश्न स्वतःच विचारतात: मग जास्तीच्या पुरुषाला का जाळले नाही? हिशेब तर दोघांना सारखाच लागू आहे. उत्तर येते की पुरुषाच्या हाती सत्ता आहे, आणि त्याला संन्याशासारखे ठेवले तर गटाच्या नीतीला व संख्येला धोका आहे. म्हणून त्याच्यासाठी अजून लग्नाला न आलेल्या पोरी राखून ठेवायच्या. आणि अशा रीतीने सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या तिन्ही रूढी एकाच हिशेबाच्या तीन ओळी म्हणून समोर उभ्या राहतात. या रूढींचे गोडवे गाणारे तत्त्वज्ञान नंतर आले, हेही ते सांगतात. हा निबंध वाचताना मला प्रत्येक वेळी एक गोष्ट जाणवते: त्यात बाईच्या दुःखावर एकही उसासा नाही, आणि तरी तो वाचून झाल्यावर घरातल्या विधवा आत्याकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही.

आणखी एक स्थळ. जात कोणी निर्माण केली? मनूने, असे उत्तर आपल्या जिभेवर तयार असते. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, त्या घटनेचे आपण वारस आहोत. पण तेच बाबासाहेब त्याच्या 11 वर्षे आधी असे मांडतात, की एकटा मनू एवढी मोठी व्यवस्था उभारू शकला नसता. जात त्याच्या आधीपासून होती, त्याने तिला कायदा आणि तत्त्वज्ञान पुरविले. मनूविषयी त्यांना माया होती म्हणून नव्हे. एका माणसाला कारण ठरविले की चौकशी थांबते, म्हणून. चौकशी न थांबविल्यामुळे ते पुढे अनुकरणाच्या मुद्द्यावर येतात: आधी पुरोहितवर्गाने दार लावून घेतले, मग इतरांनी त्याचे पाहून लावले, आणि काहींच्या तोंडावर ते लावले गेले. याला पुरावा काय? ज्या जाती ब्राह्मणांच्या जवळ आहेत त्यांच्यात तिन्ही रूढी कडक आहेत. जसजसे दूर जावे तसतशा त्या ढिल्या होत जातात, आणि सर्वांत दूर असलेल्यांत फक्त जातीतल्या जातीत लग्न एवढेच उरते. ‘मनू मुर्दाबाद’ म्हणून थांबलेला निबंध या पुराव्यापाशी पोहोचूच शकत नाही. शत्रूचे नाव घेणे आणि शत्रूची यंत्रणा उलगडणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले सभेत होते. दुसऱ्याला मधली पाने लागतात.

कोणी म्हणेल, हे इंग्रजीतले, कोलंबियातले झाले. मोठ्या ग्रंथालयात बसून लिहिलेले. आमच्या पोरांनी काय करावे? त्यांना मी पुण्यात, 1855 साली घेऊन जातो. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. शाळेतली मुलगी आणि शाळेतला निबंध. आपण तिच्या नावाचा उल्लेख पहिल्या पानावर करतो, पहिली दलित लेखिका म्हणून नमस्कार करतो, आणि निबंध वाचत नाही.

वाचला तर काय दिसते? वेद आमचेच असे ब्राह्मण म्हणतात, या त्यांच्याच म्हणण्यापासून ती सुरुवात करते. ते म्हणणे ती नाकारीत नाही, मान्य करते. मग विचारते, वेद तुमचेच असतील तर त्याप्रमाणे वागणे हेही तुमचेच काम. आम्हाला ते पाहण्याचीही मोकळीक नाही, तर आम्ही धर्मपुस्तकावाचूनचे, म्हणजे धर्मावाचूनचे ठरलो. मग आमचा धर्म कोणता? प्रतिपक्षाचे वाक्य हातात घेऊन ते दोन पावले पुढे चालविले, की ते त्याच्याच अंगावर येते. तर्कशास्त्राच्या पुस्तकात ही रीत पुष्कळ वेळा सांगितली असेल, पण या मुलीला ती कोणी गाइडातून दिलेली नाही.

त्यानंतर ती पुराव्याला हात घालते. पेशवाईत तालीमखान्यापुढून गेलेल्या मांग-महाराचे काय होई, गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या डोक्याचा चेंडू कसा होई, ते सांगते. जागेचे नाव देते. मोठमोठ्या इमारतींच्या पायांत माणसे पुरली जात, त्यांना आधी तेल-शेंदूर पाजला जाई, हे सांगते. आणि बाळंतपणाचा तो मजकूर! ज्या घरावर छप्पर नाही तेथे थंडी-पावसात बाळंत होणाऱ्या बाईच्या हालांची कल्पना ती ब्राह्मणांना त्यांच्याच घरच्या अनुभवावरून करायला सांगते. येथे पुरावा आपला आहे पण माप वाचकाचे आहे. ‘आमचे दुःख तुम्हाला कळणार नाही’ असे म्हणून ती दार लावून घेत नाही. दार लावणे म्हणजे काय हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? ब्राह्मणांची पोरे दगड मारून मांग-महारांच्या मुलांना रक्तबंबाळ करतात आणि तरी ती तक्रार करीत नाहीत, हे सांगून ती कारणही देते: उष्टे मागायला त्याच दारी जायचे असते. हे एक कारण काढून टाका, म्हणजे परिच्छेदात नुसती मारहाण उरेल. त्या कारणामुळे मारहाण आणि भाकरी यांचा संबंध दिसतो, आणि गप्प बसणे हा स्वभाव नसून हिशेब आहे हे कळते. आज आपले संशोधक जे सांगायला वीस पाने घेतात, ते तिने एका वाक्यात सांगितले.

इंग्रजी राज्याविषयी तिने जे चांगले लिहिले आहे, ते आज आपल्यातल्या काहींना अडचणीचे वाटते. वाटू दे. त्याची चर्चा करावी; ते झाकून ठेवू नये.

या अडचणीच्या पुराव्याविषयी जरा अधिक बोलायचे आहे. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ 1986 मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यावरचे निबंध मी पुष्कळ तपासले. गावकीचा जुलूम, दारिद्र्य, बाबासाहेबांच्या चळवळीने झालेली जागृती, हे सर्व त्यांत असते. परंतु त्याच पुस्तकात महारवाड्यातल्या कोवळ्या सुनांचा सासरी झालेला छळ आहे, पळून गेलेल्या सुनेचे नाक कापण्यापर्यंत गेलेला पुरुषांचा आणि सासवांचा क्रूरपणा आहे; त्याविषयी बहुतेक निबंधांत ओळ नसते. विचारले तर उत्तर येते, सर, ते लिहिले तर त्यांना निमित्त मिळेल. ‘त्यांना’ निमित्त मिळेल म्हणून बेबीताई थांबल्या नाहीत, आणि आपण त्यांच्यावर लिहिताना थांबतो! शिवाय हिशेबातही चूक आहे. तो छळ गाळून लिहिलेला परिच्छेद विरोधकाच्या एका प्रश्नाने कोसळतो. तो छळ घेऊन, ज्या समाजाच्या मानेवर सर्वांचा पाय आहे त्याला पाय ठेवायला फक्त सुनेची मान उरते, हे कार्यकारण मांडलेला परिच्छेद कोसळत नाही. ते कार्यकारण पुरेसे आहे का, की पुरुषसत्तेचे स्वतंत्र मूळ शोधावे लागेल, हा वाद पुढे करता येतो. वाद करण्याजोगे काही तरी कागदावर आले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे.

आरंभी दिलेल्या त्या चार वाक्यांच्या परिच्छेदाचे काय करावे, असे विद्यार्थी विचारतील. मी त्यांतले एकच वाक्य ठेवीन आणि तेही लहान करीन. समजा, दया पवारांचे ‘बलुतं’ (1978) घेतले. ‘वेदनेचे महाकाव्य’ सोडून द्यावे आणि म्हणावे की ‘बलुतं’मध्ये शिकलेल्या दलिताचे दुभंगलेपण आहे. कशावरून? तर हे आत्मकथन सांगणारा दगडू मारुती पवार आहे आणि ऐकणारा दया पवार आहे. एकाच माणसाची ही दोन नावे. मग थांबून या गोष्टीचा अर्थ लावावा, कारण पुरावा आपणहून बोलत नसतो. दगडू हे गावाने, जातीने, आईबापांनी दिलेले नाव. दया हे शहरात, साहित्यात वावरणारे नाव. पहिल्याला लाज वाटते ती दुसऱ्याच्या नजरेमुळे, आणि दुसरा जगतो तो पहिल्याच्या आठवणींवर. आता एक हरकत येईल: ही नुसती निवेदनाची युक्ती कशावरून नसेल? तिला उत्तर द्यावे. युक्ती असती तर लेखकाला कोणताही श्रोता चालला असता, एखादा मित्र, एखादा पत्रकार. स्वतःलाच समोर बसवावे लागले याचा अर्थ ज्याच्यापुढे हे बोलायचे धाडस होत नव्हते तो माणूस बाहेर नव्हता. हे उत्तर सर्वांना पटेल असे नाही. पण आता वाचक माझ्याशी भांडू शकतो. त्या मूळ चार वाक्यांशी भांडता येत नव्हते; फक्त मान डोलविता येत होती. लांबीचे म्हणाल तर एवढ्याला कागदाची अर्धी बाजू पुरते, आणि एका परिच्छेदात याहून जास्त ओझे लादू नये. चळवळीचा इतिहास, आत्मकथनांची परंपरा, आफ्रिकन-अमेरिकन साहित्याशी तुलना, हे सगळे त्यात कोंबायचा मोह होतो. प्रत्येकाला आपापली जागा द्यावी.

अवतरणांविषयी एक वाक्य पुरे: बाबासाहेबांचे वचन परिच्छेदाच्या शेवटी ठेवले की ते शिक्क्यासारखे वापरले जाते, आणि शिक्का मारल्यावर कोणी विचार करीत नाही.

राहता राहिला अनुभव. आपला अनुभव पुरावा म्हणून निबंधात चालतो का? या बाबतीत मी एक चूक केली आहे, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. माझ्या वर्गात ऊसतोड कामगारांच्या घरातली एक मुलगी होती. ‘स्त्री आणि श्रम’ या विषयावर तिने चर्चासत्रासाठी निबंध लिहिला. मधल्या एका परिच्छेदात तिने असे काहीसे लिहिले होते: मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल वडिलांच्या नावे असते, अंगठा वडिलांचा असतो. ऊस वडील तोडतात, आई मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून भाकरी तीच करते. मी सातवीत असताना हिशेब वाचून दाखवायला वही माझ्या हातात दिली, तेव्हा मी आईचे नाव शोधले. ते कोणत्याच पानावर नव्हते. माझी आई सहा महिने काम करते आणि वहीच्या हिशेबाने ती कारखान्यावर आलेलीच नाही.

मी समासात लिहिले: वैयक्तिक आहे, संदर्भ द्या.

तिने तो परिच्छेद काढला आणि त्या जागी एका समाजशास्त्राच्या पुस्तकातली श्रमविभागणीची व्याख्या घातली. निबंधाला चांगले गुण मिळाले, मीच दिले. आज विचार करतो तेव्हा ध्यानात येते, की त्या परिच्छेदात सगळे होते. विधान होते, पुरावा होता, तो कोठून मिळाला याची साक्ष होती, आणि शेवटच्या वाक्यात त्या पुराव्याचा अर्थ होता. वही हाच संदर्भ होता. ग्रंथालयातला नसेल, पण खोटा ठरवायचा तर कोणालाही ती वही उघडून पाहता आली असती. पुराव्याकडून याहून अधिक काय मागायचे असते? एक उणीव होती. ही एका घराची गोष्ट आहे की सगळ्या टोळ्यांची, हे तिने सांगितले नव्हते. मी समासात एवढेच लिहायला हवे होते: कोयता म्हणजे काय हे बाहेरच्या वाचकाला आधी समजावून दे, आणि टोळीतल्या आणखी चार घरांच्या हिशेबात बायकांची नावे आहेत का ते विचारून ये. ती सुट्टीत गेली असती आणि विचारून आली असती. ज्यांनी मला ‘भावना उत्कट’ म्हटले होते त्यांचीच लाल शाई माझ्या हाती आली होती, आणि ती कोठे वापरायची हे मला कळले नाही.

त्या निबंधाची प्रत माझ्याकडे नाही. काढलेले पान तर नाहीच. वरचा परिच्छेद मी आठवणीतून उतरविला आहे. तिची वाक्ये थोडी वेगळी होती, आणि माझ्यापेक्षा बरी होती.